बिनलसणाच्या बरण्या

आमच्या ब्राह्मणपुरीत कुणाच्याही घरी जेवायला बसा, ताटाच्या डाव्या बाजूला कैरीच्या लोणच्याची फोड येणार आणि वाढणारी हमखास म्हणणार, "कौसाकाकूनी रीत शे बरं." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण ज्या कौसाकाकूंच्या रीतीचं गाव कौतुक करतं, त्या कौसाकाकूंना स्वतःला ते लोणचं कधीच आवडलं नाही. ही गोष्ट बरीच वर्षं गावात फक्त मला माहीत होती आणि मला ती कुणाला सांगायची बंदी होती.

कौसाकाकू म्हणजे माझ्या नवऱ्याच्या चुलत काकू. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. वय सत्तरीच्या पुढं, अंगकाठी काटक, बोलणं मोजकं. लोणच्याचा मोसम आला की मात्र त्यांच्याशिवाय गावाचं पान हलायचं नाही. शहाद्याच्या बाजारातून तळोद्याकडच्या गावरान कैऱ्या आणायच्या, मोठ्या अडकित्त्यावर फोडून घ्यायच्या, मीठ-हळद लावायची, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट, तापवून गार केलेलं शेंगदाण्याचं तेल. बरणीला आधी निखाऱ्यावरच्या हिंगाची धुरी, भरल्यावर तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा घट्ट बांधायचा. हे सगळं त्यांनी आख्ख्या भाऊबंदकीला शिकवलं. मलाही त्यांनीच शिकवलं. वर्षभर खार आटत नाही, फोड मऊ पडत नाही, बुरशीचं नाव नाही.

फक्त त्यात लसूण नसायचा.

कारण त्या घरात माळ होती. गळ्यात माळ घालणारे सगळेच काही कांदा-लसूण सोडत नाहीत, पण या घराची माळ कडक. आधी सासऱ्यांच्या गळ्यात होती. ते गेले तेव्हा वर्षश्राद्धाच्या दिवशी थोरल्या मुलानं, म्हणजे काकूंच्या नवऱ्यानं, हिलालकाकांनी, ती परंपरा म्हणून घातली. कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत यायचा नाही. हिलालकाका देवमाणूस, आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. पण देवमाणसांच्या घरात बाकीच्यांचे जे हाल होतात ते कुणी विचारत नाही, हेही तितकंच खरं.

मला कळलं ते असं. एका दुपारी मी आमच्या ओट्यावर चटणीसाठी लसूण सोलत बसले होते. काकू आल्या, समोर बसल्या आणि माझ्या पुढ्यातला ढीग आपल्याकडं ओढून सोलायला लागल्या. सगळा सोलून झाला तरी हात धुवायला उठेनात. बोटं नाकाशी धरून बसल्या.

"मन्हा माहेरना लोणचामा मुठीमुठीनं लसून ऱ्हाये," त्या म्हणाल्या. "फोडीस्पेक्षा आम्ही लसूनच खावूत."

मी म्हटलं, मग खा की. आमच्या घरी घालते बरणी, या आणि खा. त्यावर त्या अशा बघायला लागल्या की मी काही वाईटसाईट बोलले असावे. दुसऱ्याच्या घरी लपून खायची त्यांना हौस नव्हती. त्यांना बरणी हवी होती. आपल्या घरात, आपल्या हातची, दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर दादरा सोडून वाढून घेता येईल अशी. एक बरणी! सोनं मागत नव्हत्या, फटफटी मागत नव्हत्या.

"काकू, सांगी टाका ना काकास्ले एकदाव," मी म्हटलं.

"काय सांगू? माळ त्यासना गळामा, नि पथ्य मन्हा तोंडले," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मला काही हसू आलं नाही.

माहेर तापीपलीकडं, प्रकाशाहून पुढं. तिथं गेल्यावर तरी मिळायचं म्हणाल, तर तेही नाही. लग्नानंतरची थोडी वर्षं मिळालं. हिलालकाकांनी माळ घातल्यापासून माहेरची माणसंही सावध झाली. माळकऱ्याच्या बायकोला लसूण कसा वाढायचा? काकू माहेरी गेल्या की त्यांच्यासाठी वेगळी कढई, वेगळी आमटी. एवढा मान की माणूस वैतागून जावा. लग्नाच्या पंगतीत बसल्या तरी कुणीतरी धावत यायचं, "थांबा, त्यासना ताटमा ते नका वाढू!" काकू मान डोलवायच्या. त्यांच्या त्या मान डोलवण्याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा.

दोन वर्षांपूर्वी होळीनंतर हिलालकाका गेले. चार दिवस ताप आला आणि गेले. काकू फार रडल्या. संसार गोडीचा होता, रडणं खोटं नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कुणाला भलतंच वाटायला नको.

दिवस झाले, आणि कैऱ्या बाजारात आल्या. मी मनात म्हटलं, आता काही अडचण नाही. मुलगा हेमकांत पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात कामाला. त्याच्या गळ्यात काही नव्हतं. सून ममता समजूतदार. पण आमच्याकडं एक रीत आहे. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात वर्षभर लोणचं घालत नाहीत, पापड लाटत नाहीत, कुरडया करत नाहीत. ते सगळं भाऊबंदांनी आणि सोयऱ्यांनी आणून द्यायचं. दुःखाच्या घरात वर्षाची साठवण सुरू करू नये, असं म्हणतात. चांगली रीत आहे, माणसाचं ओझं हलकं करणारी. फक्त यात घरच्या बाईला काय हवंय, हे विचारायची सोय नाही.

बरण्या यायला लागल्या. कालीबाईची आली, भिकुबाईची आली, मोठ्या वाड्यावरून आली, खालच्या गल्लीतून आली. काचेच्या, चिनी मातीच्या, एक तर बिस्किटांची प्लास्टिकची. ठेवायला जागा पुरेना म्हणून ममतानं धान्याच्या कोठीवर फळी टाकली. प्रत्येक बाई बरणी ठेवताना म्हणायची, "काकू, तुमनाच हातनं समजा." आणि ते अगदी खरं होतं. सगळ्या बरण्या काकूंच्याच रीतीच्या, काकूंनीच शिकवलेल्या, एकजात बिनलसणाच्या. आणि त्या फेकता यायच्या नाहीत, वाटता यायच्या नाहीत. दुःखात आलेलं अन्न दारातून परत जाऊ देत नाहीत. म्हणजे आयुष्यभर जे नको झालं होतं ते आता फळीभर संपवायचं.

"मी आणू का लसणाची बरणी?" मी विचारलं. "मीपण भाऊबंदकीतलीच आहे की."

त्यांनी माझ्या हातावर हात दाबला. "लोके काय म्हणतीन? नवरा गया नि हाई लसून खाई ऱ्हायनी. वाटच देखत बसेल व्हती म्हणतीन."

लोक म्हणाले असते, हे मलाही ठाऊक होतं. आमच्या गावाला बाकी काही जमत नाही, पण म्हणणं उत्तम जमतं.

पण एक आशा होती. माहेराहून अजून बरणी यायची होती. धाकटा भाऊ भिलामामा आणणार होता. माहेरचं लोणचं म्हणजे मुठीमुठीनं लसूण, आणि आता काकाच नव्हते, म्हणजे माहेरच्यांना सावध राहायचं कारण उरलं नव्हतं. आणि माहेरानं दिलेलं नाकारायचं नसतं, म्हणून गावालाही तोंड उघडता आलं नसतं. काकू त्या आठवड्यात रोज दुपारी एसटीच्या वेळेला ओट्यावर येऊन बसायच्या. मी पण बसायचे.

भिलामामा आला तो टॉवेलात बरणी गुंडाळून, तान्हं बाळ आणावं तशी छातीशी धरून. काकूंनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. बरणी घेतली, दादऱ्याची दोरी सोडली, तोंड आत घातलं आणि वास घेतला. मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी परत एकदा वास घेतला.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "लसून नही का?"

भिलामामाची छाती फुगली. "बहीन, मी काय येडा शे का? पाव्हनास्ना घरमा माळ व्हती, मले काय मालूम नही? लसूनले आम्ही हात बी नही लावा. तुन्ही भावजाईनी खास नवी बरणी लिधी. जुनी बरणीले वास ऱ्हास ना!"

काकू म्हणाल्या, "चांगलं करं, भाऊ."

मी तिथून उठून घरात गेले आणि भांडी आपटली. दुसरं काय करणार! वाईट कोणीच वागलं नव्हतं, म्हणून तर जास्त संताप येत होता. एखादा खडूस असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. इथं जो तो काकूंची काळजी करत होता आणि कुणाच्याही काळजीत काकू कुठं नव्हत्या.

वर्ष सरत आलं. फळीवरच्या बरण्या एकेक करून रिकाम्या झाल्या. काकू रोज इमानानं एक फोड खायच्या. आता वर्षश्राद्ध झालं की रीत संपली, म्हणजे चैत्र झाला की यंदाच्या कैऱ्यांना काकू मोकळ्या. मी ममतालाही हळूच विश्वासात घेतलं. ती म्हणाली, "मले पैले सांगतात तं! मले बी लसून आवडस." सासू-सून एकाच घरात, दोघींना तीच गोष्ट हवी आणि दोघी एकमेकींपासून लपवून बसलेल्या. मी कपाळावर हात मारला.

वर्षश्राद्धाला अंगणात मंडप होता. कीर्तन झालं. जेवणाआधी महाराज उठले आणि म्हणाले, या घराची माळ खंडित होता कामा नये, हिलालरावांची परंपरा आता चिरंजीव चालवणार आहेत. मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. हेमकांत उठून उभा राहिला. भाऊबंदकीतल्या थोर मंडळींनी आदल्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून हे ठरवलं होतं म्हणे. ठरवलं! दुसऱ्याच्या घरात काय शिजायचं हे पारावर ठरतं आमच्याकडं.

मग आणखी पुढचं. महाराज म्हणाले, मातेच्या हातून माळ द्यावी. तबकात तुळशीची माळ होती. काकूंना पुढं बोलावलं. त्यांनी माळ उचलली आणि मुलाच्या हातात दिली. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या, पुरुष 'पुंडलिक वरदा' म्हणत होते. कुणीतरी फोटो काढला. तो फोटो अजून त्यांच्या बैठकीत आहे. त्यात सगळे हसताहेत, काकू माळेकडं बघताहेत.

"बरं करं, भाऊ," त्या हेमकांतला म्हणाल्या. आमच्याकडं आया मुलाला मायेनं भाऊ म्हणतात.

त्या दिवसानंतर मी काकूंशी आठवडाभर धड बोलले नाही. राग त्यांच्यावर होता, हेमकांतवर होता, त्या पारावरच्या म्हाताऱ्यांवर होता. एवढं सगळं होऊन ही बाई "बरं करं" म्हणते! शेवटी न राहवून मीच गेले आणि म्हटलं, काकू, झालं ते झालं, यंदा बरणी माझ्या घरी घालू. भिंत एकच आहे. वाटलं तेव्हा या.

काकू गहू निवडत होत्या. सूप खाली ठेवलं.

"तुन्हा घरमा कसाले? मन्हं घर नही का?"

मला आधी वाटलं, नेहमीसारखं टाळताहेत. पण त्या उठल्या, पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "चाल, शहादाले जाऊत."

बाजारात कैऱ्या घेतल्या, फोडून घेतल्या. मग लसणाच्या गाडीसमोर उभ्या राहून त्यांनी एकेक गड्डा हातात घेऊन निवडला. इतका वेळ घेतला की गाडीवाल्यानं विचारलं, "मावशी, लग्न शे का घरमा?" काकूंनी आणखी दोन गड्डे टाकले.

घरी आल्यावर त्या मागच्या दारी बसतील असं मला वाटलं होतं. त्या ओट्यावर बसल्या, रस्त्यासमोर, लसणाचा ढीग पुढं घेऊन. सालं वाऱ्यानं गल्लीत उडत होती. येणारं-जाणारं माणूस थबकत होतं. कालीबाई तर थांबलीच.

"कौसाबाई, हाऊ लसून कोनाकरता?"

"मन्हाकरता," काकू म्हणाल्या.

कालीबाई पुढचं न विचारताच चालू लागली. आमच्या गावात असं क्वचित घडतं.

संध्याकाळी हेमकांत मोटारसायकलवरून उतरला तो तसाच उभा राहिला. "आई, हाई काय मांडेल शे?"

"बरणी घाली ऱ्हायनू."

"पन लसून... आपला घरमा?"

"माळ तुन्हा गळामा शे. मन्हा गळामा काही नही. तुन्हा बापना बापनी घाली, तुन्हा बापनी घाली, तू घाली. मले कोन्ही घाली नही, नि मी मांगी बी नही."

मी भिंतीआडून ऐकत होते. हो, ऐकत होते, आणि तोंडावर पदर दाबून नाचायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

"मंग मी जेवसू कोठे?" हेमकांतचा आवाज लहान झाला.

"तू तुन्हा जागावर जेव. तुन्हं जेवन ममता येगळं रांधी. मी मन्हं मांगे पडवीमा जेवसू."

तसंच झालं. काकूंचं ताट, तांब्या, तवा, बरणी, सगळं मागच्या पडवीत गेलं. स्वतःच्या घरात बाई परक्यासारखी मागच्या दारी जेवायला बसली, आणि गावानं म्हणायचं ते म्हटलं. महाराजांपर्यंत गेलं, पारावर बैठक झाली, आमच्या ह्यांनाही दोन शब्द ऐकवले की तुमच्या घरातून हे खूळ शिरलं. मी रोज चिडायचे. एवढ्याशा लसणापायी असं वेगळं बसावं लागावं! काकू मात्र बरणी मुरण्याची वाट बघत होत्या. रोज दादऱ्यावरूनच वास घ्यायच्या, उघडायच्या नाहीत.

मुरल्यावर पहिल्यांदा उघडली तेव्हा मला हाक मारली. रविवार होता. कळण्याच्या भाकऱ्या केल्या होत्या. दादरा सुटला आणि पडवीभर तो आंबट, तिखट, लसणाचा वास पसरला. काकूंनी फोड घेतलीच नाही. तेलात मुरलेल्या लसणाच्या पाकळ्या तेवढ्या वेचून ताटात घेतल्या. पहिली तोंडात टाकली, डोळे मिटले आणि बराच वेळ चघळत राहिल्या. 

तेवढ्यात आतलं दार वाजलं. हेमकांत ताट घेऊन पडवीत आला. ताटात वरण, भात, भाकरी. तो आला, काकूंपासून हातभर अंतरावर पाटावर बसला आणि कोरडी भाकरी मोडायला लागला. मला वाटलं भांडायला आला. पण तो भांडत नव्हता. एक घास तोंडात घालायचा आणि बरणीकडं तोंड करून श्वास ओढायचा.

काकूंचं चघळणं थांबलं.

"मामाना घरनं असंच लागे," हेमकांत ताटाकडं बघत म्हणाला. "सुट्टीमा जाऊत तैं. मी बरणीना तळ पुसी खाऊ."

हे मला माहीत नव्हतं. काकूंच्या चेहऱ्यावरून दिसलं की त्याही विसरल्या होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे पोरगं मामाच्या घरी लसूण वेचून खायचं, आणि त्याच्या गळ्यात आता माळ. माळेचा दोरा शर्टाच्या कॉलरमधून दिसत होता.

काकूंना एकदम राग आला. माझ्यासमोर त्या मुलावर कधी ओरडल्या नव्हत्या, त्या ओरडल्या. "मंग घाली कसाले? पारवरला म्हतारास्नी सांगं नि तू उभा ऱ्हायना? तुले कोन्ही इचारं व्हतं का, घालस का म्हनीसन?"

हेमकांतनं घास ताटात ठेवला.

"नही इचारं," तो म्हणाला. "माळ तुन्हाच हातमा व्हती, आई. तू तरी कोठे इचारं?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं.  त्यांनी बरणीला पुन्हा दादरा बांधला नाही आणि हेमकांतनंही हात पुढं केला नाही. उरलेली भाकरी तेवढी दोघांनी कोरडीच संपवली.